बीई मेकॅनिकलनंतर बाहेर मास्टर्स: यादी, एलओआर, एसओपी आणि पैसे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, सीजीपीए ७.९, जीआरई (परदेशी मास्टर्सची प्रवेशपरीक्षा) ३१२, पुढच्या वर्षी जायचंय, एफसी रोडवरच्या एका कन्सल्टन्सीने आठ युनिव्हर्सिटींची यादी हातात ठेवलीये, अमेरिका का जर्मनी ते ठरत नाहीये, एलओआरसाठी (म्हणजे शिफारसपत्रासाठी) सर म्हणतायत "तूच लिहून आण, मी सही करतो", आणि घरचे म्हणतायत आधी दोन वर्षं नोकरी कर. मी पुण्यातच इंजिनिअरिंगला बरीच वर्षं शिकवतेय, दर वर्षी मुलामुलींचे अर्ज वाचते, एलओआर लिहिते, म्हणून सविस्तरच सांगते. आई-बाबांनाही वाचायला दे, पैशाचा भाग त्यांच्याच कामाचा आहे.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घे. तुझी फाईल शेवटी कुणीतरी माणूस वाचतो, बहुतेक वेळा डिपार्टमेंटमधला प्रोफेसरच, आणि तो स्वतःचे क्लास, स्वतःचा रिसर्च सांभाळून डिसेंबर-जानेवारीत असे ढिगाने अर्ज वाचत असतो. ट्रान्सक्रिप्ट बघितलं की तुझे मार्क त्याला कळले. रेझ्युमे बघितला की प्रोजेक्टचं नाव कळलं. मग एसओपीत (म्हणजे तुला हे का शिकायचंय ते सांगणाऱ्या निबंधात) परत तेच मार्क, तेच प्रोजेक्ट, आणि तिन्ही एलओआरमध्ये परत तेच, म्हणजे सहा कागद वाचून त्याच्या हाती एका कागदाचा मजकूर लागला. चांगला अर्ज तो ज्यातला प्रत्येक कागद बाकीच्या कागदांत नसलेलं काहीतरी सांगतो. माझं पुढचं निम्मं सांगणं यातूनच आलंय.

आता ती यादी. कन्सल्टन्सी तुझ्याकडून पैसे घेत नसेल तर ती कुठून तरी घेतेच, आणि ते म्हणजे युनिव्हर्सिटीकडून मिळणारं कमिशन. यात बेकायदा काही नाही, पण मग कमिशन देणाऱ्यांचीच नावं यादीत वर येणार हे उघड आहे. त्यांना सरळ विचार, या आठपैकी कितींशी तुमचा टायअप आहे? लाजायचं काही कारण नाही, पैसे तुझ्या घरचे जाणार आहेत. जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिट्या असं कमिशन देत नाहीत, त्यामुळे फुकटच्या यादीत त्या सहसा दिसतच नाहीत, आणि मुलांना वाटतं आपल्या मार्कांवर जर्मनी होतच नसेल.

यादी स्वतः कर. रँकिंगच्या पानापासून सुरुवात करू नकोस, प्रोग्रॅमच्या करिक्युलमपासून कर. तुला थर्मल आवडतं, मॅन्युफॅक्चरिंग आवडतं का कंट्रोल्स, आधी हे ठरव, कारण मेकॅनिकलच्या नावाखाली प्रत्येक डिपार्टमेंट वेगळ्याच कामात गुंतलेलं असतं. कोर्सची यादी उघड, त्यातले कोणते विषय खरंच दर वर्षी चालतात ते बघ, शिकवणारे लोक सध्या कशावर काम करतायत ते त्यांच्या पानावर वाच. एका युनिव्हर्सिटीला एक पूर्ण संध्याकाळ दे. हे करून झाल्यावर जिथे तुला घ्यावेसे वाटणारे चार विषयसुद्धा सापडत नाहीत ते नाव काढून टाक, रँकिंग कितीही वरचं असू दे. शेवटी सहा-सात नावं राहिली तरी भरपूर. अमेरिकेत एकेका अर्जाची फी साधारण ६० ते १२५ डॉलरच्या घरात असते, वर स्कोअर पाठवायचे पैसे वेगळे, त्यामुळे पंधरा ठिकाणी अर्ज करणं म्हणजे नुसती उधळपट्टी आणि वर एकही अर्ज धड होत नाही.

जीआरईचं म्हणशील तर ३१२ मध्ये क्वांट, म्हणजे गणिताचा भाग, किती आहे ते तू लिहिलं नाहीस. १६५ च्या आसपास असेल तर तो विषय संपला, तेच दिवस एसओपीला दे. १६० च्या खाली असेल तर एकदा परत दे, दोन परीक्षांमध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं आणि सप्टेंबर २०२३ पासून पेपर दोन तासांच्या आत संपतो, म्हणजे पूर्वीसारखा जीव काढत नाही. पण त्याआधी यादीतल्या किती डिपार्टमेंटना जीआरई लागतेच ते बघ, बऱ्याच ठिकाणी ती आता ऐच्छिक आहे नाहीतर मागतच नाहीत. जीआरई पाच वर्षं चालते, इंग्लिशच्या टोफेल-आयईएल्टीएस परीक्षा दोन वर्षं.

अमेरिका का जर्मनी, याचं उत्तर मी देशावरून देत नाही, घरच्या पैशांवरून आणि तुझ्या स्वभावावरून देते. अमेरिकेत एमएस बहुतेक वेळा स्वतःच्या पैशाने करावं लागतं. तिथे गेल्यावर टीए किंवा आरए (प्रोफेसरला शिकवण्यात किंवा रिसर्चमध्ये मदत करायचं पगारी काम) मिळते म्हणतात, काहींना मिळतेही, पण ती मिळेल असं धरून लोन काढू नकोस. मात्र पीएचडीचा हिशोब वेगळा आहे आणि हे पुण्यातल्या मुलांना कुणी सांगतच नाही: तिथल्या बऱ्याच इंजिनिअरिंग डिपार्टमेंटमध्ये बीईनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, आणि प्रवेश मिळाला तर सहसा फी माफ होऊन वर स्टायपेंडही मिळतो. रिसर्चची खरी ओढ असेल तरच, नुसती फी वाचवायला पाच वर्षं कुणी काढू नयेत. एमएसनंतर ओपीटीवर (विद्यार्थ्यांना तिथे काम करायची परवानगी) १२ महिने आणि स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या डिग्रीला वर २४ महिने काम करता येतं, पण हे नियम बदलू शकतात, तेव्हा घराचं गणित त्या तीन वर्षांच्या डॉलर पगारावर उभं करू नका.

जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटींत ट्यूशन फी नाही, पण काही ठिकाणी आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत आणि टीयू म्युनिकनेही २०२४ च्या विंटर सेमिस्टरपासून फी लावलीये. राहण्याचा खर्च मात्र तुझाच, त्यासाठी व्हिसाच्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे, भरायच्या आधी ताजा आकडा बघून घे. ते पैसे तिथे गेल्यावर दरमहा थोडे थोडे तुलाच परत मिळतात.

तुझ्या ७.९ चं जर्मन गणित करून दाखवते, कारण यात मुलं फार गोंधळतात. तिथे १ म्हणजे सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. दहातून तुझे ७.९ वजा केले, राहिले २.१. दहातून पासिंगचे ४ वजा केले, राहिले ६. २.१ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, आलं २.०५. जिथे २.५ ची अट आहे तिथे तू आरामात बसतोस. पण खरी गाळणी तिथे मार्कांची नसून विषयांची असते. तू बीईला मॅथ्स किती घेतलंस, थर्मोडायनॅमिक्स, मेकॅनिक्स, मटेरियल्सचे क्रेडिट किती, हे ते एकेक करून जुळवतात आणि कमी पडलं तर ९ सीजीपीएवाल्यालाही नाही म्हणतात. म्हणून आपल्या पॅटर्नचा सिलॅबस आत्ताच डाउनलोड करून ठेव आणि प्रत्येक विषयाचे क्रेडिट, तास, टॉपिक एका फाईलमध्ये लावून घे.

जर्मनीला एपीएस सर्टिफिकेट (तुझी भारतातली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतंच, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये होती, आणि ते यायला वेळ लागतो, तेव्हा पहिलं काम तेच. काही युनिव्हर्सिटी थेट अर्ज घेतात, काही युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत, तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. आणि जर्मन शिक. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी मेकॅनिकलमधली नोकरी, इंटर्नशिप, घरमालक सगळं जर्मनमध्ये असतं. पुण्यात त्याची सोय चांगली आहे, बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटला युनिव्हर्सिटीचे कोर्स चालतात. आत्ता सुरू केलंस तर निघेपर्यंत कामापुरतं येईल. जर्मन शिकायचा मनापासून कंटाळा असेल तर जर्मनीचा विचार सोड, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

आता एलओआर, कारण इथेच पुण्यातले अर्ज सगळ्यात जास्त मार खातात. "तूच लिहून आण" म्हणणारे सर वाईट नाहीत, त्यांच्याकडे पन्नास मुलं येतात, सबमिशन, ओरल, पेपर तपासणं सगळं त्याच महिन्यांत असतं. पण मुलगा स्वतःच तिन्ही पत्रं लिहितो तेव्हा तिन्हींत एकच भाषा येते, तीच विशेषणं, तोच हार्डवर्किंग आणि सिन्सिअर, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. शिवाय ते खोटं आहे, आणि पकडलं गेलं तर प्रवेश जातो. त्याऐवजी असं कर. गणपतीच्या आधी सरांना भेट, नोव्हेंबरात नाही. हातात एक पान घेऊन जा, पत्र नव्हे, मुद्दे. तू त्यांच्याकडे कोणता विषय शिकलास, कोणत्या प्रॅक्टिकलला काय अडलं आणि तू काय केलंस, कुठे चुकलास आणि सरांनी काय सांगितल्यावर दुरुस्त केलंस, कुठे अर्ज करतोयस आणि शेवटची तारीख काय. म्हणावं सर, यातलं तुम्हाला जे आठवतंय आणि पटतंय तेवढंच लिहा, दहा ओळी लिहिल्या तरी चालतील. मी स्वतः शिक्षक आहे म्हणून सांगते, असं पान समोर आलं की पत्र लिहायला फार वेळ लागत नाही आणि बहुतेक जण लिहितात. तरीही जे नाहीच म्हणतील त्यांना सोड आणि ज्यांनी तुला खरंच काम करताना बघितलंय त्यांच्याकडे जा. एचओडींची सही मोठी दिसते पण त्यांना तुझं नावही आठवत नसेल तर त्या पत्रात काही असणार नाही. तुला ओळखणारे लॅबचे असिस्टंट प्रोफेसर केव्हाही बरे.

आणखी दोन बारीक गोष्टी. पत्र अपलोड करायची लिंक सरांच्या कॉलेजच्या ईमेलवर जाऊ दे, जीमेलवर नको, आणि त्यांचा तो ईमेल चालू आहे का ते आधी विचार, कारण कित्येकांचा पासवर्ड वर्षानुवर्षं हरवलेला असतो. दुसरं, अमेरिकेच्या अर्जात पत्र बघण्याचा हक्क सोडतोस का असा प्रश्न येतो, तिथे हो म्हण, नाहीतर त्या पत्राला फारशी किंमत राहत नाही.

एसओपी. "लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती, खेळण्यातल्या गाड्या उघडून बघायचो" हे वाक्य तू लिहिणार आहेस हे मला माहितीये, नको लिहूस. माझ्याकडची एक विद्यार्थिनी भोसरीतल्या एका छोट्या डायकास्टिंगच्या कारखान्यात इंटर्नशिपला होती. ॲल्युमिनियमचा एक पार्ट पोरोसिटीमुळे (आत राहिलेल्या बारीक पोकळ्यांमुळे) रिजेक्ट होत होता. तिने सिम्युलेशन करून गेटची, म्हणजे साच्यात धातू शिरण्याच्या वाटेची, जागा बदलून बघितली, कॉम्प्युटरवर सगळं छान दिसत होतं, प्रत्यक्षात रिजेक्शन जवळपास तेवढंच राहिलं. मग मशीनवरच्या ऑपरेटरशी बोलताना तिच्या लक्षात आलं की डायचे (साच्याचे) व्हेंट्स फ्लॅश, म्हणजे फटीत गेलेला जास्तीचा धातू, आणि स्प्रेच्या थराने बुजलेत, हवा बाहेर जायला वाटच नाही, आणि सिम्युलेशनमध्ये तर व्हेंट्स साफ धरलेले. तिच्या एसओपीचा पहिला पॅरा एवढाच होता, आणि त्यापुढे तिने लिहिलं की मॉडेल आणि शॉपफ्लोअर यांच्यातला हा फरक कसा मोजायचा ते मला शिकायचंय, तुमच्याकडे अमुक कोर्स आणि तमुक लॅब त्यावरच काम करतेय. तिचे मार्क एसओपीत कुठेच नव्हते. आणि तिच्या सरांच्या पत्रात काय होतं, तर ही मुलगी सुट्टीच्या दिवशी रिजेक्ट झालेले पार्ट पिशवीत घालून लॅबमध्ये आली आणि मला हे कापून पॉलिश करून बघायचेत म्हणाली. बघ, एसओपीत एक गोष्ट, पत्रात दुसरी, ट्रान्सक्रिप्टमध्ये तिसरी, आणि तिन्ही मिळून एकच माणूस दिसतो. तुझ्याकडेही असं काहीतरी असणारच, बीई प्रोजेक्टमध्ये रीडिंग न जुळलेला एखादा दिवस आठव, तिथून सुरू कर. शेवटी युनिव्हर्सिटीचं नाव बदलून तोच पॅरा सगळीकडे चिकटवायचा नाही. आणि एखादी केटी (राहिलेला विषय) लागली असेल तर लपवू नकोस, ती ट्रान्सक्रिप्टवर दिसतेच, कारण असेल तर दोन वाक्यांत सांग आणि पुढे जा.

कागदपत्रांत आपल्याकडची खास अडचण म्हणजे नाव. मार्कशीटवर आधी आडनाव, मग तुझं नाव, मग वडिलांचं, कुठे खाली आईचंही. पासपोर्टवर सरनेम वेगळं आणि गिव्हन नेममध्ये तुझं आणि वडिलांचं एकत्र. मुलं जीआरईला नुसतं नाव-आडनाव टाकतात, अर्जात तिसरंच, आणि मग स्कोअर एका नावावर आणि फाईल दुसऱ्या, दोन्ही एकमेकांना सापडत नाहीत. आजपासून सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव टाक, एक अक्षरही बदलू नकोस. दहावीपासूनच्या एखाद्या मार्कशीटवर स्पेलिंग वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करायला टाक, ते काम महिनोन्महिने रेंगाळतं. ट्रान्सक्रिप्टसुद्धा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस, आधी कॉलेजात विचार की तुझ्या बॅचचं ट्रान्सक्रिप्ट कॉलेज देतं का गणेशखिंडला युनिव्हर्सिटीत अर्ज करावा लागतो. आणि सीजीपीएला अडीचने भागून चारपैकी आकडा स्वतः तयार करू नकोस, फॉर्ममध्ये दहापैकी ७.९ असंच लिही, रूपांतर ते करतात.

पैशाचं आता, आई-बाबांसाठी. अमेरिकेची युनिव्हर्सिटी आय-20 (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म) देण्याआधी निदान पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च एवढे पैसे दाखवायला सांगते, आणि ते चटकन मोडता येणारे हवेत: सेव्हिंग, एफडी, लोनचं सँक्शन लेटर. फ्लॅटची किंवा गावच्या जमिनीची किंमत तिथे चालत नाही. मोठं लोन बँक तारणावर देते आणि पुण्यात खरी गाडी तिथेच अडते. फ्लॅटचा इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, कम्प्लिशन सर्टिफिकेट, हे सगळं बँकेचा वकील बघतो. गुंठेवारीतलं घर असेल, कम्प्लिशन नसेल, फ्लॅट अजून आजोबांच्या नावावर असेल तर आत्ताच बँकेत जाऊन विचारा, ॲडमिट आल्यावर एप्रिलात नाही. शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेत नाहीत, सातबारा घेऊन गेलेले पालक फार निराश होऊन परत येतात. दोन सरकारी बँका आणि एखादी एनबीएफसी (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी) तिघांकडून लिहून आकडे घ्या आणि शिकत असताना व्याज कसं चढतं ते विचारा. कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये (८०ई म्हणून ओळखली जाणारी) आठ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या टॅक्स रेजिममध्येच. बँकेच्या कर्जातून फी भरली तर त्यावर टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक कापून घेते तो टॅक्स) लागत नाही, स्वतःच्या खिशातून मोठी रक्कम पाठवली तर लागतो.

शिष्यवृत्तीकडे मराठी घरांत कमी लक्ष जातं. जेएन टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून लोन स्कॉलरशिप देतेय, केसी महिंद्राची आहे, जर्मनीसाठी डाड ही तिथली शिष्यवृत्ती देणारी संस्था आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचं काम बघणारं समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची योजना आहे, सारथीचं मुख्य ऑफिसही पुण्यातच. उत्पन्न आणि जागतिक रँकिंगच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतून वाच, मागच्या वर्षीच्या मित्राने सांगितलेल्या धरू नकोस. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता आधी काढून ठेवली नसेल तर फॉर्म भरायची वेळ हातातून जाते.

ॲडमिट आल्यावर घाईने डिपॉझिट भरू नकोस. पैसे देऊन बोलावणाऱ्या ऑफर, म्हणजे फेलोशिप, असिस्टंटशिप, यांना अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटी १५ एप्रिलपर्यंत विचार करायला देतात, तसा त्यांचा आपसातला ठराव आहे. स्वखर्चाच्या ॲडमिटला तो लागू नाही, तिथे पत्रातली तारीख बघ. व्हिसासाठी सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर, अर्जाची फी १८५ डॉलर, इंटरव्ह्यू मुंबईला बीकेसीत. जून २०२५ पासून सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतायत, त्याची तयारी ठेव. इंटरव्ह्यूला पाठ केलेली उत्तरं नकोत, हाच कोर्स का आणि पैसे कोण देणार एवढं दोन-दोन वाक्यांत खरं सांगता आलं की झालं, आणि यादी स्वतः केली असेल तर पहिल्याचं उत्तर तुझ्याकडे असतंच.

राहिला घरच्यांचा मुद्दा. दोन वर्षं नोकरी करावी का? काय शिकायचंय हेच कळत नसेल तर करावी, चाकणच्या एखाद्या प्लांटवर वर्षभर काढलं की आपल्याला काय आवडतं आणि काय नाही ते फार लवकर समजतं, मॅनेजरचं एक पत्रही मिळतं आणि थोडे पैसे जमतात. पण तुला थर्मल का कंट्रोल्स हे सांगता येत असेल तर ७.९ वर थांबायची काही गरज नाही. प्लेसमेंटला मात्र नक्की बस. अर्ज कुठे लागेल न लागेल, व्हिसा कधी मिळेल, हातात ऑफर असली की घरचेही शांत राहतात. फक्त सही करण्याआधी बॉण्ड आहे का ते वाच, आणि ओरिजिनल मार्कशीट किंवा डिग्री कुठल्याही कंपनीत जमा करू नकोस, एचआर कितीही गोड बोलले तरी. बँकेला, व्हिसाला सगळीकडे ओरिजिनल लागतात आणि ऐन जून-जुलैत ती परत मिळवायला मुलांना हेलपाटे घालताना मी बघितलंय. कंपनीला झेरॉक्स दे, व्हेरिफिकेशनला ओरिजिनल समोर दाखव आणि त्याच दिवशी घरी घेऊन ये.